लोहगाव ते ओझर, मध्ये कळंब

पुण्याचे लोहगाव विमानतळ आणि नाशिकचे ओझर विमानतळ जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत. लोहगावचे रेखांश ७३.९२ पूर्व, ओझरचे ७३.९१. नकाशावर पट्टी ठेवून दोन्ही ठिकाणे जोडली तर रेघ नाकासमोर उत्तरेला जाते. आळंदी डाव्या हाताला टाकून ती खेड तालुक्यात शिरते, मंचर उजवीकडे ठेवते, घोड नदी ओलांडते, जुन्नर आणि नारायणगावच्या मधून ओतूरच्या बाजूला निघते, हरिश्चंद्राच्या डोंगररांगेवरून अकोले तालुक्यात उतरते आणि सिन्नरच्या पश्चिमेने ओझरला पोचते. लांबी सुमारे १७० किलोमीटर. घोड नदीपाशी ही रेघ ज्या गावाच्या पश्चिमेने, तीन-चार किलोमीटरवरून जाते, ते आंबेगाव तालुक्यातले कळंब.

पुण्याहून नाशिकला निघालेली गाडी मंचर सोडते, एकलहरे मागे पडते आणि कळंब येते. पुढे थोड्याच अंतरावर जुन्नर तालुका आणि नारायणगाव. डिंभे धरणाच्या पाण्यावर पिकलेला ऊस, टोमॅटो, कांदा, तरकारी, आणि उसामुळे दबा धरून बसायला जागा मिळालेला बिबट्या, असा हा सगळा पट्टा. गाव हमरस्त्यावर असल्याने पुणे आणि नाशिक यांच्यातल्या प्रत्येक नव्या योजनेची बातमी इथे आधी पोचते. रस्ता रुंद होणार, बाह्यवळण होणार, रेल्वे येणार, द्रुतगती मार्ग येणार. विमान मात्र येऊन, उडून, बंदही पडले आणि कळंबकरांना त्याचा पत्ता वर्तमानपत्रातूनच लागला.

हा लेख त्या विमानाचा आहे, आणि दोन शहरांतले अंतर मिनिटांत सांगण्याची जी नवी सवय आपल्याला लागली आहे तिचाही.

मोबाईलवर कोणत्याही दोन गावांची नावे टाकली की उत्तर हजर होते: अंतर इतके किलोमीटर, विमानाने इतकी मिनिटे. कळंबच्या बाबतीत पहिली पंचाईत गावाच्या नावापासूनच होते. धाराशिव जिल्ह्यात कळंब हे तालुक्याचे गाव आहे, यवतमाळ जिल्ह्यात चिंतामणीचे कळंब आहे, वसईच्या किनाऱ्यावरही एक कळंब आहे. यंत्राने भलतेच कळंब धरले तर नाशिकपर्यंतचे अंतर कुठल्या कुठे जाते. बरोबर कळंब सापडले तरी गंमत संपत नाही. गावात धावपट्टी नाही, हेलिपॅडची चर्चाही नाही, पण ‘विमानाला लागणारा वेळ’ मात्र बिनदिक्कत छापून येतो.

या उत्तरामागचे गणित शाळकरी आहे. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीला ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल मानायचे, त्या गोलावरचे सर्वांत कमी अंतर काढायचे. पुणे शहर ते नाशिक शहर असे अंतर साधारण १६४ किलोमीटर येते. मग त्याला मोठ्या जेट विमानाच्या वेगाने, म्हणजे ताशी आठशे ते नऊशे किलोमीटरने भागायचे आणि चढ-उतारासाठी अर्धा तास वर टाकायचा. भागाकाराचे उत्तर येते बारा मिनिटे. म्हणजे पुणे-नाशिक बेचाळीस मिनिटांत! कागदावर कुणाचीच हरकत नाही.

खरे विमान ताशी आठशेने जाऊ शकत नाही, कारण त्या वेगाला पोचेपर्यंत नाशिक येते. इतक्या कमी अंतरावर पंख्याची विमाने वापरतात. केंद्र सरकारच्या ‘उडान’ योजनेत डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनने महाराष्ट्रातल्या ज्या मार्गांवर सेवा सुरू केली त्यांत नाशिक-पुणे होता. विमान होते बीचक्राफ्ट १९००डी, एकोणीस आसनांचे. एका बाजूला एक खुर्ची, मध्ये चिंचोळी वाट, दुसऱ्या बाजूला एक खुर्ची. त्याचा उडण्याचा वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास. त्या हिशेबाने १७० किलोमीटरला वीस-एकवीस मिनिटे पुरायला हवीत. वेळापत्रकात मात्र पाऊण तासाच्या घरातला आकडा असायचा.

मधली चोवीस-पंचवीस मिनिटे कुठे जातात, हे समजून घेण्यासाठी धावपट्ट्यांकडे पाहावे लागते. लोहगावची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. ओझरचीही पूर्व-पश्चिम. नाशिक मात्र पुण्याच्या थेट उत्तरेला. म्हणजे नाशिकला निघालेले विमान आधी पूर्वेला नाहीतर पश्चिमेला उडणार, पुरेशी उंची गाठून उत्तरेला वळणार, आणि ओझर जवळ आले की पुन्हा काटकोनात वळून धावपट्टीच्या रेषेत येणार. उतरण्याची ही रेष धावपट्टीच्या बरीच आधी धरावी लागते. सरळ रेघेची दोन्ही टोके अशी वाकतात आणि १७० किलोमीटरच्या प्रवासात त्या वाकण्याला मोल येते. दिल्लीच्या प्रवासात तेच वळण कुणाच्या लक्षातही येत नाही.

शिवाय विमान कंपनीचा वेळ आकाशात मोजला जात नाही. विमान उभे असताना चाकांना ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान जागचे हलले की घड्याळ सुरू होते आणि दुसऱ्या गावी पुन्हा ठोकळे लागले की थांबते. या व्यवसायात याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, आधीच्या विमानाची वाट पाहणे, उतरल्यावर पुन्हा रांगत फलाटापर्यंत येणे, हे सगळे त्यात आले. कंपन्या त्यात चार-दोन मिनिटे जास्तीचीही धरतात, म्हणजे उशीर झाला तरी कागदोपत्री विमान वेळेवर पोचते. एसटीच्या वेळापत्रकात ही चलाखी नाही. तिथे उशीर हा उशीरच असतो.

लोहगाव आणि ओझर यांच्यात आणखी एक साम्य आहे. दोन्ही ठिकाणे मुळात लढाऊ विमानांची. लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, सुखोई-३० विमाने तिथून उडतात. प्रवासी विमानतळ हे त्या तळाच्या कडेला दिलेले आवार. ओझरची धावपट्टी हिंदुस्थान एरोनॉटिक्सची, म्हणजे एचएएलची. १९६४ साली मिग-२१ विमाने बांधण्यासाठी तिथे कारखाना उभा राहिला, पुढे सुखोई-३० तिथेच तयार झाली. प्रवाशांसाठी इमारत आली ती २०१४ साली. अशा ठिकाणी प्रवासी विमानाला कोणत्या घटकेला उडायचे याची मुभा मागावी लागते. पुण्याची धावपट्टी दुरुस्तीसाठी १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ अशी पूर्ण बंद होती, तेव्हा पुण्याचे आकाश चौदा दिवस प्रवाशांविना राहिले. एकच धावपट्टी असलेल्या शहराची ही अडचण आहे आणि एकोणीस आसनी विमानाला त्या रांगेत मान सर्वांत कमी.

उडान योजनेचा हेतू चांगला होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये योजना जाहीर झाली आणि २७ एप्रिल २०१७ रोजी सुरू झालेल्या पहिल्या मार्गांत आपले नांदेड-हैदराबाद होते. काही आसनांचे भाडे सरकारने बांधून दिले: तासाभराच्या, पाचशे किलोमीटरच्या प्रवासाला अडीच हजार रुपये, अंतर कमी तसे भाडे कमी. पुणे-नाशिकसारख्या छोट्या टप्प्याला ते चौदाशेच्या आसपास बसत होते. कंपनीची तूट भरून देण्यासाठी तीन वर्षे अनुदान. तीन वर्षांत प्रवाशांना सवय लागेल आणि मार्ग आपल्या पायावर उभा राहील, अशी कल्पना.

पुणे-नाशिक उभा राहिला नाही. एअर डेक्कनची सेवा सुरू झाल्यापासून अडखळत होती आणि एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत कंपनीनेच काम थांबवले. मधल्या काळात अलायन्स एअरने एटीआर विमानांनी हा मार्ग चालवून पाहिला. उडानची मुदत संपत आल्यावर, २०२२ च्या अखेरीस, तिने नाशिकमधूनच काढता पाय घेतला. ओझर विमानतळ त्यानंतर ओस पडले नाही. दिल्ली, हैदराबाद, अहमदाबाद, गोवा अशा मार्गांवर इंडिगोला तिथे चांगले प्रवासी मिळाले. नाशिककरांना विमान हवे होतेच. पुण्याला जायला नको होते.

का नको होते, याचा हिशेब पुण्यात किंवा नाशिकमध्ये बसून नीट मांडता येत नाही. तो कळंबला मांडावा.

समजा, कळंबच्या एखाद्या टोमॅटो उत्पादकाला नाशिकला औषध कंपनीच्या बैठकीला जायचे आहे आणि पुणे-नाशिक विमान अजून चालू आहे. रस्त्याने कळंब ते नाशिक अंतर साधारण १४५ किलोमीटर. विमानाने जायचे तर आधी उलट्या दिशेने, दक्षिणेला, साठेक किलोमीटर लोहगाव गाठायचे. वाटेत चाकण. चाकणच्या चौकात किती वेळ जाईल हे चाकणचा माणूसही सांगू शकत नाही, म्हणून दोन तास हाताशी ठेवायचे. विमान सुटण्याच्या तासभर आधी सामान देण्याची खिडकी बंद होते, तेव्हा त्याच्याही आधी पोचायचे. मग विमान उत्तरेला निघणार, काही मिनिटांत कळंबच्या शेजारून जाणार, म्हणजे घर सोडून तीन-साडेतीन तास झाल्यावर हा गृहस्थ पुन्हा आपल्याच शेताजवळ येणार, फक्त हजारो फूट वर. ओझरला उतरल्यावर तो नाशिकच्या पुढे आलेला असतो. वीस किलोमीटर परत मागे यायचे. सगळे मिळून २५० किलोमीटर आणि पाच तास. घरच्या गाडीने तो तीन-साडेतीन तासांत नाशिकला पोचून चहा घेत बसला असता.

हे उदाहरण मुद्दाम टोकाचे घेतले आहे हे खरे. पण कोथरूडच्या माणसाचा हिशेबही फार वेगळा नाही. घर ते लोहगाव, लोहगावला थांबणे, पाऊण तास विमान, ओझर ते नाशिक. बेरीज चार तासांच्या खाली सहसा येत नाही, आणि तेवढ्यात त्याची मोटार सिन्नरच्या आसपास आलेली असते. चौदाशे रुपयांत विमान स्वस्त होते, पण वाचत काहीच नव्हते.

रस्त्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ५०, आताचा ६०. पुणे ते नाशिक २१० किलोमीटर, म्हणजे सरळ रेघेपेक्षा सव्वापटीहून थोडा जास्त. हा जादा हिस्सा सह्याद्रीच्या फाट्यांनी लावलेला आहे. हरिश्चंद्राची रांग आडवी येते म्हणून रस्ता सरळ उत्तरेला न जाता आळेफाट्यावरून ईशान्येला, संगमनेरकडे झुकतो आणि तिथून पुन्हा सिन्नरकडे वळतो. वाटेतल्या नद्या मोजल्या तर हा प्रवास किती पाणी ओलांडतो ते कळते: मोशीला इंद्रायणी, राजगुरुनगरला भीमा, कळंबला घोड, नारायणगावला मीना, पुढे कुकडी, घारगावला मुळा, संगमनेरला प्रवरा, आणि शेवटी गोदावरी. आळेफाट्याच्या पुढे कुठेतरी पाण्याची वाटणी होते. घोड, मीना, कुकडीचे पाणी भीमेतून कृष्णेला जाते, मुळा-प्रवरेचे गोदावरीला. विमानाच्या खिडकीतून हे सगळे एका नजरेत मावले असते, ही त्या सेवेची एक जमेची बाजू म्हणायला हवी.

एसटीने अंतराचा आपला वेगळा हिशेब ठेवला आहे. महामंडळाचे भाडे टप्प्यांवर ठरते आणि एक टप्पा सहा किलोमीटरचा. पुणे-नाशिक म्हणजे पस्तीस टप्पे. साध्या गाडीला पाच-सहा तास लागतात. पण गेल्या काही वर्षांत या पस्तीस टप्प्यांची किंमत माणसागणिक बदलली आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट झाला, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट. कळंबच्या आजींना नाशिकच्या लेकीकडे जायला शून्य रुपये लागतात आणि गाडीत जागा मिळेल की नाही एवढीच चिंता असते. प्रत्येक गाडी कळंबला थांबत नाही, ही दुसरी चिंता. विनाथांबा गाडी समोरून निघून जाते आणि मग मंचर किंवा नारायणगाव गाठावे लागते. हमरस्त्यावरच्या गावाची ही नेहमीची रड आहे: गाड्या पुष्कळ, थांबणाऱ्या थोड्या.

राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा इथे बाह्यवळणे झाली, खेडचा घाट सोपा झाला आणि नाशिकच्या बाजूचा प्रवास खरोखर सुधारला. अडलेले आहे ते पुण्याच्या तोंडाशी. नाशिक फाटा ते खेड या तीस किलोमीटरमध्ये भोसरी, मोशी, चाकण येते आणि चाकणच्या कारखान्यांची अवजड वाहतूक त्याच रस्त्यावर. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्या आठपदरी उन्नत मार्गाला मंजुरी दिली. खर्च ७,८२७ कोटी रुपये. उरलेल्या १८० किलोमीटरना जो वेळ लागतो त्याच्या निम्मा वेळ या तीस किलोमीटरना लागू शकतो, हे या रस्त्यावर रोज जाणाऱ्याला सांगायला नको. पुणे-नाशिक अंतर कमी करायचे तर आधी चाकणचे अंतर कमी करावे लागेल.

वेळेची किंमत इथे सर्वांत चांगली कळते ती टोमॅटोवाल्यांना. नारायणगावच्या उपबाजारात वीस किलोच्या क्रेटवर भाव ठरतो. जुलै २०२३ मध्ये एका क्रेटला दोन हजारांवर भाव गेला होता आणि नारायणगावचे नाव देशभर गाजले. दुसऱ्या हंगामात तोच माल रस्त्याच्या कडेला ओतलेलाही याच भागाने पाहिला आहे. तोडलेला टोमॅटो उन्हात थांबत नाही. गाडी रात्री निघून वाशीला पहाटेच्या बाजाराआधी लागली पाहिजे. इथला शेतकरी अंतर किलोमीटरमध्ये सांगतच नाही. ‘रात्री भरली की सकाळी वाशी’ एवढाच त्याचा नकाशा.

आणि खरे तर आंबेगाव-जुन्नरच्या माणसाचे तोंड नाशिककडे कधी फारसे नव्हतेच. ते मुंबईकडे होते. कळंबच्या शेजारचे महाळुंगे पडवळ हे बाबू गेनूचे गाव. मुंबईच्या गिरणीत काम करणारा हा तरुण १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला. त्याच्यासारखे हजारो जण या डोंगरउतारांवरून गिरण्यांत, गोदीत, भाजी बाजारात गेले. त्याच्याही दोन हजार वर्षे आधी जुन्नर हे कल्याण बंदरातून नाणेघाटाने वर येणाऱ्या व्यापाराचे मोठे ठाणे होते. घाटमाथ्यावरच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे आणि बाहेर जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण. तेव्हा अंतर मजलांत मोजत. किती कोस याला महत्त्व नव्हते. रात्रीचा मुक्काम कुठे आणि पाणी कुठे, याला होते.

आज या तालुक्यांतली मुले पुण्याच्या कंपन्यांतून अमेरिकेला जातात. मुंबई ते नेवार्क सुमारे साडेबारा हजार किलोमीटर, विमानाला पंधरा-सोळा तास. कळंब ते मुंबईचा विमानतळ दोनशे किलोमीटरच्या आतच, पण त्याला चार-पाच तास. एकूण अंतराचा साठावा हिस्सा आणि वेळेचा जवळजवळ चौथा. जमिनीवरचे हे चार तास तिकिटावर कुठे छापलेले नसतात. आणि आकाशातले तासही पक्के नसतात: एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले आणि दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या विमानांचे अंतर एका दिवसात वाढले. शहरे जागच्या जागी होती.

कळंबच्या वाट्याला विमानतळ येता येता राहिला, हेही इथे सांगायला हवे. पुण्यासाठी नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ खेड-चाकण परिसरात करायचा, अशी चर्चा बरीच वर्षे चालली. जागा पाहिल्या गेल्या, शेतकऱ्यांनी विरोध केला, डोंगर आडवे आले. ऑक्टोबर २०१६ मध्ये सरकारने पुरंदरची जागा जाहीर केली आणि खेडचा विषय मिटला. तो झाला असता तर कळंबहून विमानतळ तासाभराच्या आत आला असता. जमीन ज्यांची जाणार होती त्यांना तो न झाल्याचे दुःख नाही, आणि ते चुकीचे आहेत असे कोण म्हणेल? आता तोच वाद पुरंदरमध्ये चालू आहे.

विमान नाही तर रेल्वे. महारेलने आखलेली पुणे-नाशिक अतिजलद रेल्वे हडपसरहून निघून चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर अशी जाणार होती. लांबी २३५ किलोमीटर, खर्च सुमारे १६ हजार कोटी, वेग ताशी दोनशे, वेळ पावणेदोन तास. काही गावांत थेट खरेदीने जमिनी घेणेही सुरू झाले. रस्त्यापेक्षाही लांब असा हा मार्ग, पण वेळ विमानाच्या दारापासून दारापर्यंतच्या वेळेच्या निम्मा. आणि मंचरला स्थानक! कळंबपासून जेमतेम दहा मिनिटांवर.

तिला अडवले ते दुर्बिणींनी. नारायणगावच्या पूर्वेला खोडद इथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या या प्रकल्पात ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत, पंचवीस किलोमीटरच्या परिसरात इंग्रजी वाय अक्षरासारख्या पसरलेल्या. जवळ जाऊन पाहिले तर तबकडी भरीव नाही; ताणलेल्या पोलादी दोरांवर बसवलेली बारीक तारेची जाळी आहे, तिच्यातून पलीकडचे आभाळ दिसते. या जाळीवर दूरच्या आकाशगंगांतून आलेले अतिक्षीण रेडिओ तरंग पकडतात. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे शियापरेली यान मंगळावर उतरत असताना त्याची हाक खोडदच्या या तबकड्यांनी ऐकली. सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवरून तो संदेश दहा मिनिटांपेक्षा कमी वेळात जुन्नर तालुक्यात पोचला. त्याच वेळी पुण्याहून निघालेली एसटी अजून वाकडेवाडीच्या पुढेही सरकली नसती.

विजेवरच्या रेल्वेगाडीचा वरचा दांडा आणि तार यांच्यात सतत ठिणग्या पडतात. त्यांतून रेडिओ गोंगाट होतो आणि तो दुर्बिणीला आंधळे करतो, असा शास्त्रज्ञांचा आक्षेप. तो खोटा नाही. शांत जागा म्हणूनच खोडद निवडले गेले होते. रेल्वे मंत्रालयाने हा मार्ग बाजूला ठेवला आणि रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी पुणे-अहिल्यानगर-शिर्डी-नाशिक असा पर्याय मांडला. शिरूरचे खासदार अमोल कोल्हे यांनी मूळ मार्गासाठी संसदेत आवाज उठवला, जुन्नर-आंबेगावात मागण्या झाल्या: मार्ग थोडा सरकवा, तेवढ्या पट्ट्यात बोगदा करा, विजेऐवजी दुसऱ्या ऊर्जेवर गाडी चालवा.

इथे प्रस्तुत लेखकाचे मत स्पष्ट आहे. जीएमआरटी वाचली पाहिजे; अशी दुर्बीण जगात दुसरी सहज उभी राहत नाही. पण २३५ किलोमीटरच्या मार्गातला अडचणीचा पट्टा थोडाच आहे, आणि तेवढ्यासाठी खेड, आंबेगाव, जुन्नर, संगमनेर या चारही तालुक्यांना वगळणे हा उपाय नाही, ती सोय आहे. अहिल्यानगरवरून जाणारी रेल्वे पुणे आणि नाशिक यांना जोडेल. ती पुणे-नाशिक रस्त्यावरच्या गावांना जोडणार नाही. आज पुण्याहून नाशिकला रेल्वेने जायचे तर कल्याणवरून सुमारे २७० किलोमीटरचा वळसा पडतो; उद्या वळसा दुसऱ्या बाजूने पडेल.

लहान पल्ल्याच्या विमानाबाबत जगाने वेगवेगळी उत्तरे काढली आहेत. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे नियमित विमान पावणेतीन किलोमीटर उडते, वेळापत्रकात वेळ दोन मिनिटे, आणि वारा अनुकूल असला तर एक मिनिटसुद्धा लागत नाही. मध्ये समुद्र आहे, म्हणून ते चालते. फ्रान्सने मे २०२३ मध्ये उलटी वाट धरली: रेल्वेने अडीच तासांत जाता येत असेल तर तिथे देशांतर्गत विमान नको. पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून बोर्दो, नांत आणि लिआँची विमाने बंद झाली. पुणे-नाशिकमध्ये समुद्र नाही आणि अडीच तासांची रेल्वेही नाही. आपण दोन्ही उत्तरांच्या मध्ये, चाकणच्या चौकात उभे आहोत.

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. नाशिकसाठी नव्या सोयींच्या घोषणा होत राहतील आणि त्यात पुणे-नाशिक विमान पुन्हा डोके वर काढील, हे जवळजवळ ठरलेले आहे. पाऊण तासाचा आकडा पुन्हा मोठ्या अक्षरांत छापला जाईल. तेव्हा वाचकांनी एवढेच विचारावे की हा पाऊण तास कुठून कुठपर्यंतचा, आणि त्यात चाकण धरले आहे का. बाकी वस्तुस्थिती एका ओळीची आहे: आंबेगाव आणि जुन्नर या दोन्ही तालुक्यांत आज रेल्वेचे एकही स्थानक नाही.